कंट्री ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?

‘मी हल्ली कंट्री ऐकते’ असं एकदा डबा खाताना बोलून गेले, तर समोरचा सहकारी म्हणाला, ‘आम्ही तर पितो बुवा.’ सगळे हसले, मीही हसले. पण पुढे या संगीतात शिरत गेले तसं कळलं की गडी फारसा चुकला नव्हता. जुन्या कंट्रीतली निम्मी गाणी गुत्त्यातच घडतात. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा गुत्त्याला हाँकी-टाँक म्हणतात, आणि तिथे वाजून वाजून तयार झालेल्या संगीतालाही तेच नाव आहे.

मला या संगीताची वाट सापडायला दहाएक वर्षं लागली. त्यातली बरीच वर्षं चुकीच्या सीडी विकत घेण्यात आणि चुकीच्या क्रमानं ऐकण्यात गेली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय. यात साधारण १९२७ ते १९८० एवढाच काळ आहे. त्यानंतरचं मी ऐकते, पण त्याबद्दल सांगण्याइतका अधिकार माझा नाही.

आधी थोडी जमवाजमव

फार काही लागत नाही:

- बरे हेडफोन. महाग नकोत, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर बास ऐकूच येत नाही आणि कंट्रीचा ठेका बासवर उभा असतो.
- गाण्याचे शब्द समोर उघडलेले. दक्षिणेकडचे हेल पहिल्या फटक्यात कळत नाहीत. मला ‘होल्लर’ म्हणजे डोंगरांमधली चिंचोळी घळ हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी तो ‘हॉलर’, म्हणजे हाक, समजत होते.
- एक वही. गाणं, गायक, वर्ष आणि रेकॉर्ड कंपनी एवढं लिहायचं. ही कंपनी का लिहायची ते सहाव्या पायरीत येईल.
- आठवड्यातून तीनदा अर्धा तास. भांडी घासताना ऐकायची ही गाणी नव्हेत, निदान सुरुवातीला तरी.

१. ओळखीच्या आवाजापासून सुरुवात करा

माहीमला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक आंटी राहायच्या. डिसेंबर लागला की त्यांच्या टेपरेकॉर्डरवर एक जाडसर, मऊ, खर्जातला आवाज सुरू व्हायचा तो थेट नवीन वर्षापर्यंत. नाताळाच्या दिवशी ताटलीभर नेवऱ्या आणि कलकल वर यायचे, त्यांच्या मागोमाग जिन्यातून तो आवाजही. कितीतरी वर्षं मी त्या माणसाला चर्चमधला गायक समजत होते. तो जिम रीव्हज होता. टेक्सासचा, अस्सल कंट्री गायक.

गोवा, वसई, वांद्रे इथल्या कितीतरी घरांत जिम रीव्हज असाच शिरला आहे. नाताळची गाणी त्याच्या १९६३च्या रेकॉर्डवरची असतात. म्हणजे तुमच्याही कानावरून तो आवाज कधीतरी गेलेला असण्याची शक्यता दाट आहे. मग तिथूनच सुरुवात करा, फक्त नाताळची गाणी सोडून ‘ही’ल हॅव टू गो’ लावा. १९५९ साली रेकॉर्ड झालेलं हे गाणं.

प्रसंग असा: एक माणूस बारमधून तिला फोन करतोय. तिच्याकडे दुसरा कुणीतरी बसलाय हे याला ठाऊक आहे. तो ना ओरडत, ना भांडत. इथल्या गाण्याच्या पेटीचा आवाज मी कमी करायला लावतो, तिकडच्या पाहुण्याला तू वाटेला लाव, एवढाच त्याचा सौदा. ती काय म्हणाली ते गाण्यात कुठेच येत नाही. तिची बाजू आपल्याला ऐकूच येत नाही, कारण आपण फोनच्या या टोकाला, त्याच्या शेजारी उभे आहोत.

आता आवाज ऐका. रीव्हज आधी मोकळ्या गळ्यानं, चढ्या पट्टीत गायचा. १९५७च्या ‘फोर वॉल्स’पासून तो मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून, पट्टी खाली आणून गायला लागला. फोनवरच्या गाण्याला हा आवाज इतका चपखल बसला की दुसऱ्या कुणी ते गायलं की मला रॉंग नंबर लागल्यासारखं वाटतं. १९६४च्या ३१ जुलैला, स्वतः चालवत असलेलं विमान कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहराजवळ कोसळून तो गेला. वय चाळीस.

‘कंट्री रोड्स’पासून सुरुवात का नको, असं तुम्ही म्हणाल. कॉलेजच्या शेकोटीभोवती ते सगळ्यांनी म्हटलेलं असतं. म्हणा की, जरूर म्हणा. पण ते १९७१चं, कंट्री आणि लोकसंगीत यांच्या बांधावरचं गाणं आहे; त्याच्या आधारानं मागे जायला गेलात तर हँक विल्यम्सचा आवाज ऐकून दचकाल. मी दचकले होते. रीव्हजच्या बोटाला धरून गेलात तर पायऱ्या उंच लागत नाहीत.

२. एकच गाणं दहा वेळा ऐका

ही पायरी गाळू नका. बाकीच्या सगळ्या गाळल्यात तरी चालेल.

गाणं: हँक विल्यम्सचं ‘आय’म सो लोनसम आय कुड क्राय’, १९४९. तीन मिनिटांचंही नाही. पहिल्यांदा फक्त ऐका. आवाज नाकात वाटेल, किनरा वाटेल, ‘हा का एवढा मोठा?’ असंही वाटेल. वाटू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ठेका मोजा. तीन-तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे. आपल्या कानाला दादऱ्याच्या अंगानं जातोय असं वाटेल. एवढ्या उदास गाण्याला झोका घेणारा ठेका का, असा प्रश्न पडला तर तुम्ही बरोबर ऐकताय.

चौथ्या वेळी शब्द समोर घ्या. चार कडवी, वेगळा मुखडा नाही. पहिल्याच ओळीत एक पक्षी आहे, व्हिपरविल. हा आपल्या रातव्याच्या कुळातला. रात्री ओरडणारा, दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मग आगगाडी, चंद्र, रॉबिन पक्षी, निखळणारा तारा. माणूस जवळपास नाहीच. चारांपैकी तीन कडवी त्याच एका पालुपदावर येऊन थांबतात. दुसऱ्या कडव्यात मात्र ते पालुपद येत नाही. तिथे रडायचं काम चंद्राकडे दिलंय, आणि तोही ढगाआड तोंड लपवून रडतो. मला हे सातव्या-आठव्या खेपेला दिसलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ती व्यक्ती शेवटच्या कडव्यात, तीही अर्ध्या ओळीपुरती येते.

उरलेल्या वेळी शब्द बंद करा आणि गळा ऐका. सूर चढवताना त्याचा आवाज मधेच किंचित मोडतो, पुन्हा जुळतो. हे मोडणं चूक नव्हे, कसब आहे. योडलिंगमध्ये छातीतल्या आवाजातून डोक्यातल्या आवाजात झटकन उडी मारतात, त्याचंच हे बारीक रूप. ती उडी पूर्ण उंचीची ऐकायची असेल तर त्याचंच ‘लव्हसिक ब्लूज’ लावा. ११ जून १९४९ला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर हे गाणं गाऊन हा अलाबामाचा सडपातळ पोरगा एका रात्रीत मोठा झाला.

पुढचं थोडक्यात: पाठीचं जन्मजात दुखणं, दारू, १९५२च्या ऑगस्टमध्ये त्याच ऑप्रीतून हकालपट्टी. १ जानेवारी १९५३ला ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर तो मेलेला सापडला. एकोणतीस वर्षांचा होता. त्याचं सगळं रेकॉर्डिंग उण्यापुऱ्या सहा वर्षांतलं आहे.

३. वाद्यांची ओळख करून घ्या, निदान एकाची

फिडल म्हणजे व्हायोलिनच, हात वेगळा. बँजोचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर ते अमेरिकेत आलं. मँडोलिन, उभा बास, साधी गिटार ही ओळखू येतातच.

वेळ द्यायचा तो स्टील गिटारला. गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडी दांडा सरकवायचा. हे तंत्र हवाई बेटांवरून आलं, आणि तीच हवाईयन गिटार आपल्याकडच्या जुन्या हिंदी गाण्यांतही शिरली. त्यामुळे मराठी कानाला ती परकी वाटत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं म्हणजे आपली मींडच. कंट्रीत गायक ओळ संपवून श्वास घेतो तेव्हा स्टील त्याची ओळ पुढे नेते, आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागून जाते तशी. पुढे या वाद्याला पायानं दाबायची पेडल लागली. पेडल दाबलं की एक सूर जागच्या जागी असतो आणि शेजारचा वर सरकतो. १९५४च्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्सनं हे करून दाखवलं आणि मग सगळेच त्याच्या मागे लागले.

गाणं वाजवणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. नॅशव्हिलचे वादक स्वरावली लिहून घेत नाहीत, आकडे लिहितात: एक, चार, पाच. गायकाची पट्टी कुठलीही असो, तिचा सा म्हणजे एक. पेटीवर काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, सा-म-प तेच राहतात, तसंच. हे मला कळलं त्या दिवशी नॅशव्हिल एकदम शेजारच्या गल्लीत आलं. जुन्या कंट्रीची बहुतेक गाणी या तीनच आकड्यांवर चालतात.

४. मुळाकडे जा, पण मुक्काम करू नका

१९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पिअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्र घेऊन ब्रिस्टल नावाच्या गावी आला. या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया यांची सीमा जाते. बेळगावकडच्या वाचकांनी आमच्याकडे बघून हसू नये, तिथे वाद नाही. त्या काही दिवसांत पिअरला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे दोघंही सापडले.

कार्टरांची मेबेल गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी ठेका धरायची. दोन माणसांचं काम एकटी करायची. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ ऐका, कळेल. जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता, क्षयानं १९३३ साली पस्तिशीतच गेला. शेवटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी दोन गाण्यांच्या मधे खाटेवर पडून राहायचा. त्याचं १९३०चं ‘ब्लू योडल नंबर ९’ लावा. त्यात ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा आहे.

इथे एक गैरसमज काढून टाका. ‘हे गोऱ्यांचं संगीत’ असं पुष्कळजण सांगतील. कार्टर कुटुंबाचा प्रमुख ए. पी. याच्याबरोबर डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत फिरणारा लेस्ली रिडल कृष्णवर्णीय होता. हँकला पोरवयात गाणं शिकवणारा, रस्त्यावर वाजवणारा रुफस पेनही. ऑप्रीच्या पहिल्या तारकांपैकी एक माउथऑर्गनवाला डीफोर्ड बेली, तोही. पुढे चार्ली प्राइड आला तेव्हा रेकॉर्ड कंपनीनं त्याची सुरुवातीची गाणी रेडिओ केंद्रांना फोटोशिवाय धाडली. लोकांनी आधी आवाजावर जीव टाकला, चेहरा मागून पाहिला. १९७१ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षाचा सर्वोत्तम कलाकार हाच होता.

दोन आठवडे इथे काढा आणि पुढे निघा. खरखरीत जुन्या रेकॉर्डांमध्ये पहिल्याच महिन्यात अडकलात तर कंटाळून सोडून द्याल. मी एकदा सोडलं होतं.

५. महिन्याला एकच गायक

याद्या डाउनलोड करू नका. ‘सर्वश्रेष्ठ शंभर’ वगैरे लावलं की सगळ्यांचा एकच लगदा होतो. महिन्याला एक माणूस घ्या. माझा क्रम असा:

*पहिला महिना, जॉनी कॅश.* सगळ्यात सोपा, कारण तो जवळजवळ बोलतोच. १९५६चं ‘आय वॉक द लाइन’ घ्या. प्रत्येक कडव्याची पट्टी बदलते, म्हणून कडव्याआधी तो ओठ मिटून सूर गुणगुणतो. सुरुवातीला त्याच्या मंडळीत ड्रमवाला नव्हता, म्हणून गिटारच्या तारांत कागद अडकवून त्यानं तो खसखस आवाज काढला. मग १३ जानेवारी १९६८चा फॉलसम तुरुंगातला कार्यक्रम. त्यात ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’मधल्या माणूस मारल्याच्या ओळीवर कैदी आरोळी ठोकतात ना, ती आरोळी नंतर स्टुडिओत घातलेली आहे. खरे कैदी पहारेकऱ्यांसमोर त्या ओळीवर गप्प होते. हे कळल्यावर मला ते गाणं कमी नाही, जास्तच आवडायला लागलं.

*दुसरा, पॅट्सी क्लाइन.* ‘क्रेझी’, १९६१. गाणं विली नेल्सननं लिहिलेलं, तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पॅट्सी नुकतीच मोठ्या मोटार अपघातातून उठली होती, कुबड्यांवर होती. बरगड्या दुखत असल्यामुळे वरचे सूर लागेनात. वादकांचं काम उरकून घेतलं आणि तिनं आपला आवाज काही दिवसांनी येऊन भरला. शब्द ठेक्याच्या किंचित मागून टाकण्याची तिची पद्धत बघा. ५ मार्च १९६३ला विमान अपघातात गेली, तिशीत. विमानं या मंडळींच्या मुळावरच आली होती.

*तिसरा, मर्ल हॅगर्ड.* कॅशनं तुरुंगावर गाणी केली, पण शिक्षा भोगायला तो कधी तुरुंगात गेला नव्हता. हॅगर्ड गेला होता. सॅन क्वेंटिनमध्ये कैदी असताना त्यानं कॅशचा कार्यक्रम समोर बसून ऐकला. १९७२ साली कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली. त्याचे आईबाप ओक्लाहोमातून पोट भरायला कॅलिफोर्नियात गेलेले, घर म्हणजे रेल्वेच्या डब्याचं केलेलं घर. ‘ममा ट्राइड’ ऐका. आई चुकली नाही, मीच चुकलो, एवढंच ते गाणं सांगतं. त्याच्या बेकर्सफील्ड गावची इलेक्ट्रिक गिटार नॅशव्हिलपेक्षा धारदार असते. तारेवर नखानं मारल्यासारखी.

*चौथा, लोरेटा लिन आणि डॉली पार्टन, जोडीनं.* लोरेटा केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत चार मुलं. तिची गाणी नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. दारू पिऊन घरी येऊ नकोस, हे तिचं १९६७ साली पहिल्या क्रमांकावर पोचलेलं गाणं. गर्भनिरोधक गोळीवरचं ‘द पिल’ १९७५ साली आलं तेव्हा बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. जात्यावरच्या ओव्यांतून सासरच्यांचा उद्धार करणाऱ्या आपल्या आज्यांनी हिला लगेच आपल्यात बसवून घेतलं असतं. डॉलीचं ‘जोलीन’ त्याच्या बरोबर उलट. तिथे बायको दुसऱ्या बाईशी नवऱ्यावरून भांडत नाही, तिला विनवते. आणि ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ मूळ डॉलीचंच, १९७४चं. पोर्टर वॅगनर या आपल्या गुरूसारख्या सहकाऱ्याला सोडून जाताना लिहिलेलं. एल्व्हिस ते गाणार होता, पण त्याच्या व्यवस्थापकानं गाण्याच्या हक्कांत निम्मा वाटा मागितला. डॉलीनं नाही म्हटलं. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं तेव्हा ते हक्क अख्खे डॉलीकडे होते.

*पाचवा, जॉर्ज जोन्स.* याला मुद्दाम शेवटी ठेवलाय. कान तयार नसताना जोन्स लावलात तर रडगाणं वाटेल. १९८०चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’. एक माणूस मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन म्हणाला होता. आज त्याचं प्रेम थांबलं. हे का थांबलं ते मी सांगत नाही, गाण्यालाच सांगू द्या. जोन्सला स्वतःला ते फार मरणकळा असलेलं वाटलं, विकलं जाणार नाही म्हणाला. मधल्या चार ओळी नुसत्या बोलायच्या होत्या आणि त्याच्या पिण्यापायी त्या कित्येक महिने नीट जमल्या नाहीत असं सांगतात. तो एकेका शब्दाला दातात धरतो, ओठ न उघडता सूर वळवतो. आमच्या घरी हे गाणं लावलं की माझा नवरा उठून गॅलरीत जातो. त्याला गाणं आवडत नाही म्हणून नव्हे.

विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज, टॅमी वायनेट, किटी वेल्स, बक ओवेन्स यांना पुढचं वर्ष आहे. किटी वेल्सचं १९५२चं ‘हाँकी टाँक एंजल्स’वालं, एका पुरुषाच्या गाण्याला दिलेलं उत्तर-गाणं तेवढं आधी ऐकून घ्या, लोरेटाच्या महिन्यातच. तिनं बायकांची बाजू मांडली नसती तर लोरेटाला वाट मिळायला आणखी उशीर झाला असता.

६. नकली माल ओळखा

माझे सगळ्यात जास्त पैसे इथे बुडाले. एकदा ‘वीस अजरामर गाणी’ असं लिहिलेली एक सीडी मोठ्या हौसेनं घेतली. घरी येऊन लावली तर आवाज त्याच गायकाचा, पण थकलेला, आणि मागे ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझर. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की ही गाणी पुन्हा रेकॉर्ड केलेली आहेत. कंपनी बदलली की जुन्या रेकॉर्डिंगवर गायकाचा हक्क राहत नसे, म्हणून म्हातारपणी अनेकांनी आपलीच गाणी पुन्हा गाऊन दिली. आजही ऐकण्याच्या ॲपवर ही गाणी मूळ गाण्यांत बेमालूम मिसळलेली असतात.

ओळखायचं कसं? वहीतली रेकॉर्ड कंपनी इथे कामाला येते. हँक विल्यम्स एमजीएमचा. पॅट्सीची मोठी गाणी डेक्काची. कॅश १९५८पर्यंत सन, मग कोलंबिया. जिम रीव्हज आरसीए व्हिक्टर. हॅगर्डची गाजलेली गाणी कॅपिटॉलची. जोन्स कंपन्या बदलत राहिला, पण १९८०चं ते गाणं एपिकचं. नाव जुळत नसेल तर संशय घ्या.

आणखी तीन खड्डे:

हँकच्या मृत्यूनंतर कंपनीनं त्याच्या गाण्यांवर व्हायोलिनांचा ताफा चढवून नव्यानं रेकॉर्डी काढल्या. उसावर साखर पेरल्यासारखं झालंय. मूळ गाण्यात बहुधा फिडल, स्टील, गिटार आणि बास एवढीच मंडळी असतात. तेवढीच ऐकू आली पाहिजेत.

जिम रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन यांचं द्वंद्वगीत सापडेल. १९८१ साली दोघांच्या वेगवेगळ्या फिती जोडून ते बनवलं. दोघंही तोवर कधीच गेले होते.

जिमी रॉजर्स दोन आहेत. एक आपला रेल्वेवाला. दुसरा १९५७च्या ‘हनीकोम’वाला, पॉप गायक. ॲपला हा फरक नेहमी कळतोच असं नाही. हँकही बरेच आहेत: स्नो, थॉम्पसन, लॉकलिन, आणि विल्यम्सचा मुलगा ज्युनिअर.

७. रविवारी पहाटे ऑप्री लावा

ग्रँड ओल ऑप्री १९२५पासून रेडिओवर चालू आहे. नॅशव्हिलच्या एका विमा कंपनीनं डब्ल्यूएसएम हे केंद्र काढलं. ‘आम्ही लाखोंना संरक्षण देतो’ या त्यांच्या घोषवाक्याची ती आद्याक्षरं. आज तेच केंद्र इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. तिथला शनिवार संध्याकाळी सातचा कार्यक्रम आपल्याकडे उन्हाळ्यात रविवारी पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला सुरू होतो. मार्च ते नोव्हेंबर त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात म्हणून हा फरक. मी दोनदा तासभर उशिरा उठले आणि वर केंद्रालाच नावं ठेवली.

८. नॅशव्हिलला गेलात तर

कामानिमित्त अमेरिकेत जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढं लिहिते.

ऑप्रीचं तिकीट काढताना जागा नीट वाचा. १९४३ ते १९७४ हा कार्यक्रम गावात, रायमन सभागृहात व्हायचा. आता ऑप्री हाउस शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. रायमनपासून चालत दोन मिनिटांवर हॉटेल घेऊन मी स्वतःवर फार खूश होते; कार्यक्रमाच्या दिवशी टॅक्सीला मोजलेल्या पैशांत दोन रेकॉर्डी आल्या असत्या. नव्या मंचाच्या मधोमध रायमनच्या जुन्या लाकडाचा एक गोल तुकडा बसवलाय. गायक त्यावरच उभं राहून गातात.

रायमन दिवसाही आत जाऊन बघता येतं. ते १८९२ साली प्रार्थनागृह म्हणून बांधलं, त्यामुळे बसायला चर्चसारखी लाकडी बाकं आहेत आणि ती कडक आहेत.

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयातच आरसीए रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या ‘स्टुडिओ बी’चं तिकीट मिळतं आणि तिथूनच बस सुटते. थेट स्टुडिओवर जाऊन उभं राहू नका, आत घेत नाहीत.

ब्रॉडवेवरच्या हाँकी-टाँकमध्ये बहुधा प्रवेश फी नसते. वादकांचं पोट पुढ्यातल्या बरणीवर चालतं. एक-एक डॉलरच्या नोटा खिशात ठेवा. आणि पासपोर्ट जवळ बाळगा. पन्नाशीला टेकलेली बाई, केस निम्मे पांढरे, तरी दारावरच्या पोरानं मला वयाचा पुरावा मागितला. पासपोर्ट हॉटेलात होता. आत कुणीतरी ‘क्रेझी’ गात होतं. दोन कडवी मी फुटपाथवर उभं राहून ऐकली आणि मग पासपोर्ट आणायला गेले.